हॅलोविनच्या प्राणी-कुकीज: काळा रंग आयसिंगमध्ये नको, पिठात घाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. 31 ऑक्टोबरला, हॅलोविनसाठी, मांजर, वटवाघूळ, घुबड आणि कोळी अशा आकारांच्या चाळीसेक शुगर कुकीज करायच्या आहेत. मागच्या वेळी वटवाघळं ओव्हनमध्ये पसरली आणि फुलपाखरांसारखी दिसायला लागली, मांजरांच्या शेपट्या करपल्या, काळं आयसिंग कडवट लागलं आणि पांढरे डोळे सकाळपर्यंत राखाडी पडून मध्ये खचले. काय चुकलं, आणि या खेपेला काय बदलायचं?

तक्रारी चार आहेत आणि प्रत्येकीचं मूळ वेगळं आहे. पीठ ओव्हनमध्ये जाताना पुरेसं गार नव्हतं, शेपट्या फार बारीक होत्या, काळा रंग जास्त पडला, आणि आयसिंग आतून ओलं असतानाच त्यावर पुढचं काम झालं. सगळ्यांवर उपाय सांगते. पण त्याआधी, बरीच वर्षं या कुकीज केल्यावर माझं जे ठाम मत झालं आहे ते सांगते: काळा प्राणी काळ्या आयसिंगने रंगवू नका. कुकीचं पीठच काळं करा आणि प्राणी उघडा ठेवा.

कारण सरळ आहे. वटवाघूळ किंवा पाठ कमानीसारखी वर काढलेलं मांजर आपण रंगावरून ओळखत नाही, कडेवरून ओळखतो. टोकदार कान, पंखाच्या खालच्या खाचा, पाठीची कमान. पातळ आयसिंग पसरवताना कडेला जरा जागा सोडावी लागते, आणि आयसिंग स्वतः गोलाईकडे ओढ घेतं. साच्याने कापलेलं टोकदार कान आयसिंगखाली बोथट होतं. उघड्या काळ्या कुकीवर ते टोक जसंच्या तसं राहतं. शिवाय काळा रंग वाटीभर लागत नाही, खाणाऱ्याची जीभ-दात काळे होत नाहीत, कडवटपणा येत नाही आणि निम्मा वाळवण्याचा वेळ वाचतो. आयसिंग फक्त डोळे, मिशा, पंखांच्या रेषा एवढ्यापुरतं उरतं.

आता पीठ. एका घाण्याला 225 ग्रॅम बिनमिठाचं बटर, 200 ग्रॅम बारीक दाण्याची साखर, एक अंडं, दोन छोटे चमचे व्हॅनिला, अर्धा छोटा चमचा मीठ आणि 400 ग्रॅम मैदा. काळ्या घाण्यासाठी मैदा 330 ग्रॅम आणि ब्लॅक कोको 60 ग्रॅम. कोको जास्त ओलावा ओढतो म्हणून एकूण कोरडं जिन्नस दहा ग्रॅमनी कमी ठेवते. ब्लॅक कोको म्हणजे अल्कलीची जास्त प्रक्रिया केलेला कोको, त्यामुळेच तो जवळजवळ कोळशासारखा काळा असतो आणि आंबट लागत नाही. तो मिळाला नाही तर डच प्रोसेस कोको (अल्कलीची त्याहून कमी प्रक्रिया केलेला) घ्या आणि बटर-साखर फेटतानाच थोडा काळा जेल रंग घाला. पिठाचा रंग आधीच गडद असल्याने रंग फार लागत नाही. अंडं नको असेल तर त्याऐवजी तीन मोठे चमचे दूध चालतं. कुकी थोडी जास्त ठिसूळ होते, एवढाच फरक. एक साधा आणि एक काळा असे दोन घाणे केलेत तर 7-8 सेंटीमीटरच्या पन्नासेक कुकीज होतात. चाळीस हव्या असतील तर एवढ्या कराच, कारण दोन-चार तुटतात आणि दोन-चार हात बसवायला लागतात.

बेकिंग पावडर अजिबात घालू नका. पुष्कळ पाककृतींमध्ये ती असते, साध्या गोल कुकीला ती छानही लागते, पण कान आणि पंख हवे असतील तर ती शत्रू आहे. तेच बटर फेटण्याचं. केकसाठी आपण बटर-साखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेटतो. इथे ती नीट एकजीव झाली की थांबायचं, मिनिट-दीड मिनिट पुरे. जास्त फेटलं की हवा भरते, ती ओव्हनमध्ये फुगते आणि कुकी कडेने बाहेर सरकते. बटर 18 ते 20 अंशांच्या आसपास असावं. बोट दाबलं तर खळगा पडतो, पण बोटाला तुपकट चकाकी लागत नाही, ती योग्य अवस्था. मैदा घातल्यावर पीठ भांड्याच्या कडा सोडून गोळा झालं की बस. मळत बसू नका, नाहीतर कुकी आक्रसते आणि चिवट होते.

इथे बहुतेक जण गोळा फ्रिजमध्ये ठेवतात आणि दगड झालेला गोळा तासाभराने लाटायला घेतात. लाटेपर्यंत तो पुन्हा कोमट होतो, म्हणजे गार केल्याचा फायदा गेलाच. उलट करा. पीठ मऊ असतानाच दोन बटर पेपरांच्या मध्ये ठेवून 6 मिलिमीटर जाड लाटा आणि ती आख्खी पाटी ट्रेसकट फ्रिजमध्ये तासभर ठेवा. जाडी सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना 6 मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवून त्यांवर लाटणं टेकवते. ही गोष्ट बारीक वाटते, पण जाडी कमी-जास्त झाली की त्याच ट्रेमधली एक कुकी करपते आणि शेजारची कच्ची राहते. पाटी गार झाली की कापा, कापलेले आकार ट्रेवर मांडून फ्रीझरमध्ये पंधरा मिनिटं ठेवा आणि तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. बटर 32 ते 35 अंशांना वितळतं. कुकी थंडगार असली आणि ओव्हन पूर्ण तापलेला असला तर बटर वाहायच्या आत कडा धरतात. तुमची फुलपाखरं इथेच झाली असणार: पीठ कोमट, किंवा पहिला ट्रे काढल्यावर त्याच गरम ट्रेवर दुसरा घाणा मांडलेला. ट्रे दर वेळी गार करून घ्या.

काळं पीठ कापताना साचा मैद्यात बुडवू नका, कोकोत बुडवा. मैद्याची पांढरी रेघ काळ्या कडेवर भाजल्यावरही दिसते आणि ती पुसता येत नाही.

शेपट्या का करपल्या, याचं उत्तर साच्यात आहे. कुकीचा कोणताही भाग एक सेंटीमीटरपेक्षा बारीक असेल तर पोट भाजेपर्यंत तो भाग जास्त भाजलेला असतो, आणि हाताळताना पहिला तोच तुटतो. बारीक शेपटीचं मांजर घेऊच नका. घाबरलेल्या मांजराचे केस उभे राहतात, शेपटी फुगून दुपटीने जाड दिसते. म्हणजे हॅलोविनच्या मांजराला जाड शेपटीच शोभते. कोळ्याचेही पाय कापायला जाऊ नका. गोल कुकी घ्या, तिच्यावर जाळं आणि कोळी दोन्ही आयसिंगने काढा. मनासारखा साचा मिळत नसेल तर जाड पुठ्ठ्यावर आकार काढून कापा, गार पाटीवर ठेवा आणि धारदार सुरीने कडेकडेने कापा. चाळीस कुकींसाठी हे जमण्यासारखं आहे, आणि मला वैयक्तिक असा हाताने कापलेला, जरा वाकडा घुबडाचा आकार साच्याच्या घुबडापेक्षा जास्त आवडतो.

ओव्हन 175 अंश सेल्सिअस, वेळ दहा ते बारा मिनिटं. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान 15-20 अंशांनी कमी. एका ट्रेवर एकाच मापाच्या कुकीज ठेवा. साधी कुकी कडेला जेमतेम सोनेरी व्हायला लागली की काढायची. काळ्या कुकीचा रंग बदललेला दिसतच नाही, म्हणून मी त्या ट्रेच्या कोपऱ्यात साध्या पिठाचा त्याच जाडीचा एक तुकडा ठेवते. तो झाला की काळ्या झाल्या. दुसरी खूण म्हणजे वरची ओली चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद दिसायला लागतो आणि कडेला हलकं बोट लावलं तर खळगा पडत नाही. एवढं करूनही एखादी कुकी थोडी पसरली तर बाहेर काढल्यावर मिनिटभरात, ती गरम आणि मऊ असतानाच, तोच साचा पुन्हा वरून दाबा. जास्तीची कड सुटून येते. गार झाल्यावर उरलेला खडबडीतपणा बारीक किसणीने अलगद घासून काढता येतो. ट्रेवर पाच मिनिटं राहू द्या, मग जाळीवर. पूर्ण गार होईपर्यंत आयसिंगला हात लावू नका.

रॉयल आयसिंगसाठी, म्हणजे वाळल्यावर कडक होणाऱ्या आयसिंगसाठी, 450 ग्रॅम आयसिंग शुगर, 30 ग्रॅम मेरिंग पावडर (वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची पावडर) आणि 75 ते 90 मिलिलीटर कोमट पाणी. कच्चं अंड्याचं पांढरं वापरू नका; त्यात साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो आणि या कुकीज मुलं खाणार आहेत. अंडं पूर्ण टाळायचं असेल तर उकडलेल्या काबुली चण्यांचं दाट पाणी 45 ते 60 मिलिलीटर घेऊन त्यातही चांगलं आयसिंग फेटलं जातं. भांडं आणि फेटणी तुपकट असता कामा नये, तेलाचा अंश राहिला तर आयसिंग उभं राहत नाही. विजेच्या फेटणीच्या सर्वांत कमी वेगावर पाच-सात मिनिटं फेटा. फेटणी वर उचलली तर आयसिंगचं टोक न झुकता उभं राहिलं पाहिजे. साखर घरी दळत असाल तर ती मलमलच्या कापडातून गाळा. नोझलमध्ये अडकणारा एक दाणा मांजराची आख्खी मिशी बिघडवतो.

हे घट्ट आयसिंग रेषांसाठी. पसरवण्यासाठी त्यातलंच थोडं वेगळ्या वाटीत घेऊन थेंबाथेंबाने पाणी घालत सैल करा. सुरीने मधून एक रेघ ओढा आणि मोजा. पंधरा-अठरा आकड्यांत रेघ मिटून पृष्ठभाग सपाट झाला तर बरोबर. दहाच्या आत मिटली तर ते कडेवरून ओघळेल आणि खचेलही. पाणी जास्त झालंच तर साखर ओतत बसू नका, घट्ट आयसिंग थोडं परत मिसळा. वाट्या कायम ओल्या फडक्याखाली ठेवा.

काळं आयसिंग आता फक्त बुबुळं आणि कोळ्यासाठी लागेल. त्यासाठी पांढऱ्या आयसिंगमध्ये थेट काळा रंग कधीही घालू नका. त्यात आधी चाळलेला कोको घालून गडद तपकिरी करा, मग काळा जेल रंग घाला, आणि गडद राखाडी दिसायला लागलं की थांबा. वर प्लॅस्टिकची फिल्म आयसिंगला चिकटेल अशी लावून रात्रभर ठेवा. सकाळी ते आपोआप काळं झालेलं असतं. लोक त्याच क्षणी काळं हवं म्हणून रंग ओतत राहतात, आणि कडवटपणा तिथून येतो. जास्त रंग घातलेलं आयसिंग नीट वाळतही नाही, म्हणजे दुसरा त्रासही त्यातच. कोळशाची पावडर घालायचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नका. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल पोटातली औषधं स्वतःवर धरून ठेवतो, आणि कुकी खाणाऱ्यांपैकी कोण कसली गोळी घेतं ते आपल्याला माहीत नसतं.

आता डोळे. मागे एकदा मी साठ वटवाघळांचे डोळे आणि सुळे ओल्यासारख्या काळ्या थरावर घातले आणि चार तासांत डबे बंद केले. वरून ते कोरडे वाटत होते. सकाळी सगळ्या सुळ्यांच्या मुळाशी करडी सावली उतरली होती, आणि निम्मी वटवाघळं मला नव्याने करावी लागली. वरची पापडी वाळते म्हणजे आतला थर वाळतो असं नाही, आणि आत पाणी असेल तर ते गडद रंग घेऊन फिकटाकडे सरकतं. तेव्हापासून डोळे मी कुकीवर करतच नाही. आदल्या दिवशी बटर पेपरवर पांढरे किंवा पिवळे ठिपके घालते, त्यांच्यावर बुबुळ, आणि तो कागद पंख्यासमोर रात्रभर. सकाळी कागद टेबलाच्या कडेवरून हळूच खाली ओढला की डोळे एकेक करून मोकळे होतात. मग कुकीवर घट्ट आयसिंगचा राईएवढा ठिपका द्यायचा आणि त्यावर डोळा बसवायचा. रंग उतरायचा प्रश्नच उरत नाही, कारण ओलं असं काही नसतंच. खचण्याचा प्रश्नही जातो. छोट्या ठिपक्यातलं आयसिंग सैल असलं आणि सावकाश वाळलं की मध्ये खड्डा पडतो. कागदावर एखादा खचलाच तर तो डोळा टाकून दुसरा घेता येतो, कुकी वाया जात नाही. चाळीस कुकींना शंभर डोळे करून ठेवा.

डोळा कुठे बसवता त्यावर प्राण्याचा स्वभाव ठरतो. दोन डोळ्यांत अंतर जास्त आणि चेहऱ्यावर खाली असतील तर मांजर गोंडस दिसतं. जवळ आणि थोडे तिरके वर असतील तर पाहणाऱ्याला जरा धडकी भरते. मांजराचं बुबुळ उभी चीर असतं, गोल ठिपका नव्हे. एवढ्या एका रेघेने पिवळ्या ठिपक्याचं मांजर होतं. घुबडाचे दोन्ही डोळे समोर बघतात, मोठे, जवळजवळ एकमेकांना टेकलेले, आणि चोच त्यांच्या मध्ये, जरा खाली. चकाकीचा पांढरा बिंदू दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला द्या, नाहीतर नजर फुटलेली दिसते.

वटवाघळावर मी सगळ्यांत जास्त रमते, कारण त्याचा पंख म्हणजे खरोखर त्याचा पंजा आहे. लांबच लांब झालेली बोटं आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. हे लक्षात घेतलं की रेषा कुठून कुठे काढायच्या ते विचारावं लागत नाही. पंखाच्या वरच्या बाजूला जिथे तो वाकतो ते मनगट. तिथे आयसिंग भरलेल्या कागदी कोनाचं टोक टेकवा आणि खालच्या कडेच्या प्रत्येक टोकापर्यंत एकेक रेघ ओढा, खाचेच्या खोलगट भागात नव्हे. बोट जिथे संपतं तिथे टोक असतं, आणि दोन बोटांमधली कातडी आत ओढली जाते म्हणून खाच असते. करड्या रंगाच्या अशा तीन बारीक रेघा, दोन छोटे डोळे, हवे तर दोन सुळे. उघड्या काळ्या कुकीवर एवढंच पुरतं. रेघ ओढताना कोन कुकीला घासत नेऊ नका. टेकवा, उचला, आयसिंगचा धागा हवेत लोंबू द्या आणि शेवटी टोकावर टेकवा. हात थरथरला तरी धागा सरळ पडतो.

घुबड साध्या कुकीवर करा. पिसं ओल्यावर ओलं या पद्धतीने होतात. छातीवर तपकिरी सैल आयसिंग पसरवा आणि ते ओलं असतानाच फिकट रंगाच्या चार-पाच आडव्या रेघा घाला. टूथपिक वरून खाली ओढा, पुसा, शेजारून पुन्हा ओढा. प्रत्येक ओढीला रेघ खाली खेचली जाते आणि पिसांसारखी टोकं तयार होतात. टूथपिक दर वेळी पुसलीच पाहिजे, नाहीतर तिसऱ्या ओढीला सगळा चिखल होतो. मिनिट-दोन मिनिटांत आयसिंगवर साय धरते, म्हणून एका वेळी एकच कुकी. कोळ्याचं जाळंही असंच: ओल्या थरावर मध्यापासून गोलात गोल काढा आणि टूथपिक मध्यातून बाहेर ओढत न्या. जाळं रात्रभर वाळल्यावर त्यावर घट्ट काळ्या आयसिंगने कोळी. त्याचे आठही पाय पुढच्या छोट्या भागातून निघतात, पोटातून नाही. मुलं हे हमखास तपासतात.

जांभळा रंग हॅलोविनला सगळ्यांनाच हवा असतो आणि तो उजेडात सगळ्यांत लवकर उडतो, निळसर-करडा होतो. जांभळं जाळं केलंत तर वाळताना कुकीज खिडकीपासून लांब ठेवा.

वेळ अशी लावा. 28 तारखेला पीठ, लाटणं, भाजणं, आणि रात्री काळं आयसिंग कालवून ठेवणं. 29 ला सकाळी कागदावरचे डोळे, दुपारनंतर घुबडांचे आणि जाळ्यांचे थर. ट्रे पंख्यासमोर ठेवा. पहिला तास-दोन तास जोराची हवा लागली तर आयसिंगला चकाकी राहते आणि खचण्याचं प्रमाण कमी होतं. थर आठ ते बारा तास वाळू द्या, हवा दमट असेल तर त्याहून जास्त. 30 ला डोळे चिकटवणं, पंखांच्या रेषा, मिशा, कोळी. 31 ला सकाळी डब्यात. आयसिंग केलेल्या कुकीज कोणत्याही टप्प्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्यांना घाम सुटतो आणि इतका वेळ सांभाळलेला काळा रंग दहा मिनिटांत उतरतो. नुसत्या भाजलेल्या कुकीज मात्र हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये महिनाभर छान राहतात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच भाजून ठेवता येतील. डबा न उघडता तो पूर्ण साध्या तापमानाला येऊ द्यायचा, एवढंच.

डब्यात काळ्या आणि पांढऱ्या कुकीज वेगळ्या थरांत ठेवा, दोन थरांमध्ये बटर पेपर, घुबडं वर आणि उघडी वटवाघळं खाली. मुलांना वाटणार असाल तर, कोणाला अ‍ॅलर्जी असेल म्हणून, चिठ्ठीवर गहू, दूध आणि अंडं हे तिन्ही घटक लिहा. मेरिंग पावडरमध्येही अंडं असतं, हे पालकांच्या लक्षात येत नाही.